निकाल लागला पाहिजे

अख्ख्या देशात लोकशाही कुणाच्या अंगात भिनली असेल, तर ती माझ्या मामेसासऱ्यांच्या. म्हणजे बायकोचे मामा. सरकारी कचेरीत नोकरी, त्यामुळे दर निवडणुकीला त्यांची ड्युटी लागायची. बाकीचे लोक ती टाळायला डॉक्टरचं सर्टिफिकेट शोधतात, मामा ड्युटी लागली की नवा शर्ट शिवायचे. निवृत्त झाल्यावर देशाने त्यांना बोलावणं बंद केलं, तेव्हा त्यांनी घरातच निवडणुका सुरू केल्या. करी रोडच्या त्यांच्या चाळीतल्या खोलीत दर रविवारी बांगडा की बोंबील यावर गुप्त मतदान व्हायचं. मोरीचा पडदा ओढून आत एकेकाने जायचं, भेंडीचं देठाकडचं टोक कापून केलेला शिक्का शाईत बुडवून चिठ्ठीवर मारायचा, चिठ्ठी शंकरपाळ्यांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. वर डाव्या तर्जनीला शाई. मी जावई म्हणून पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा भुकेने कासावीस होऊन म्हणालो, "मामा, मला काहीही चालेल." मामांचा चेहरा पडला. "जावईबापू, काहीही चालणाऱ्या माणसांनीच या देशाचं वाटोळं केलंय," असं म्हणून त्यांनी मला पडद्याआड ढकललं.

अशा माणसाला चाळीच्या रहिवासी संघाने निवडणूक अधिकारी केलं नसतं तरच नवल. पण ती निवडणूक म्हणजे गंमत नव्हती. चाळ पाडून टॉवर व्हायचा होता, बिल्डरचे कागद सहीसाठी येऊन पडले होते, आणि सगळ्यांना याच जागी घर मिळेल असं त्यात धड कुठे लिहिलेलं नव्हतं. जुन्या सेक्रेटरींची मुदत संपली होती, ते उभे नव्हते, पण नवा निवडून येईपर्यंत कारभार त्यांच्याकडेच आणि सहीची घाईही त्यांनाच. त्या पदासाठी दोघे उभे राहिले. एक दुसऱ्या मजल्यावरचा प्रवीण कांबळे, बँकेत कामाला, शब्दाचा पक्का मुलगा. आणि दुसऱ्या उमेदवार खुद्द आमच्या मामी. कागद सुधारल्याशिवाय सही नाही, हे दोघांचंही म्हणणं. मामांनी प्रवीणला स्टूल चिन्ह दिलं आणि मामींना विळी. प्रचार संपेपर्यंत मामा स्वतःच्या बायकोला "उमेदवार" म्हणून हाक मारत. "उमेदवार, चहा मिळेल का?" उमेदवार म्हणायच्या, "आचारसंहितेत बसत नाही."

मोजणीला मी मदतनीस होतो. मतं बरोबर समसमान पडली आणि एक चिठ्ठी बाद. तिच्यावर विळीवरही भेंडीच्या शिक्क्याचं फूल आणि स्टुलावरही, दोन्ही अगदी मधोमध, रांगोळी काढल्यासारखं. नियम असा, की बरोबरी झाली तर अधिकाऱ्याने आपलं मत टाकायचं. सगळी चाळ मामांकडे बघायला लागली. मामीही बघत होत्या, पदर सारखा करत. मामा म्हणाले, "अधिकाऱ्याची बायको अधिकाऱ्याच्या मताने आली, तर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? आणि दुसऱ्याला दिलं तर मला जेवायला कोण घालणार? फेरमतदान." मामी आठवडाभर बोलल्या नाहीत. चहाचा कप तेवढा आदळायचा, त्यावरून घरात कुणीतरी आहे हे मामांना कळे.

फेरमतदानात पुन्हा बरोबरी, पुन्हा तीच चिठ्ठी, तीच दोन फुलं. आणि मग चाळ फिरली. कुणी म्हणालं भेंडीच बदलली, कुणी म्हणालं डब्याला दुसरं झाकण आहे. शेवटी जिन्यात कुजबूज आली, की मामांनाच निकाल नको आहे. बायकोला पाडवत नाही आणि निवडूनही आणवत नाही. आयुष्यभर ज्याच्या सील मारलेल्या पेटीकडे कुणी बोट दाखवलं नाही, त्या माणसाबद्दल लोक हे बोलले. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला त्या सगळ्यांचा. जुने सेक्रेटरी मात्र खुशीत. सभेत म्हणाले, "नाणं उडवा नाहीतर राहू दे. मी आहेच की. सोमवारी सह्या करून टाकतो."

मामा उभे राहिले. "नाणंच उडवायचं तर माणसं कशाला बोलावली? आणि राहू दे म्हणता, तर एक ऐका. निकाल न लागणं हाही निकालच असतो, आणि तो खुर्चीत बसलेल्याच्या बाजूनेच लागतो. ज्याने कुणी दोघांना मत दिलं, त्याला वाटलं आपण कुणाचं मन मोडलं नाही. पण त्याचं मत तिसऱ्यालाच गेलं." तेवढ्यात तळमजल्याची बायआजी, चाळीतल्या निम्म्या पोरांना जिने अंघोळी घातल्या ती, काठी टेकत उठली. "मेल्या, ह्यां आधी सांगूक काय झालां तुका? दोनय माझीच पोरां. एकाक दिलंय तर दुसऱ्याक काय वाटतला, म्हणान मी..." मामांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ओरडले, "मत गुप्त असतं, बायआजी. मी काही ऐकलं नाही." चाळ इतकी हसली, की त्या हसण्यातच मामांवरचा सगळा संशय धुऊन गेला.

तिसऱ्या मतदानाला आजारी माणसंही खुर्चीत बसून आली. बायआजी पडद्याआड इतका वेळ राहिली, की मामी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर थांबल्या. मोजणी झाली. एकही चिठ्ठी बाद नाही. मामा स्टुलावर चढले आणि अख्ख्या करी रोडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "प्रवीण कांबळे एका मताने विजयी!" स्वतःच्या बायकोचा पराभव इतक्या अभिमानाने जाहीर करणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. पहिला हार मामींनी घातला, आणि मग मंडळाची बँजोपार्टी सुरू झाली ती पोलीस येईपर्यंत. प्रवीणने जुन्या सेक्रेटरींकडून संघाच्या किल्ल्या घेतल्या आणि कागद बदलून घेतले. प्रत्येकाला इथेच घर, असं पांढऱ्यावर काळं करून घेतलं, तेव्हाच सही केली. घरी येऊन मामी एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बाकीच्यांसारखं मला मत दिलं असतंत, तर पुन्हा बरोबरी झाली असती." मामा म्हणाले, "म्हणून तर दिलं नाही." मग मामी हसल्या, आणि आचारसंहितेत अडकलेला सगळा चहा एकदम मिळाला.

आता तिथे टॉवर चढतोय. बायआजी मधेच गेली, तिला वरची खोली बघायला मिळाली नाही, याचं मामांना फार लागतं. मुलगी बंगळुरूला, मुलगा दुबईला, आणि मामा-मामी परळला भाड्याच्या घरात. गेल्या रविवारी सहज डोकावलो, तर मामांनी दारातच माझं बोट धरून शाई लावली. न्हाणीघराच्या दारावर पडदा, कट्ट्यावर कापलेली भेंडी, शंकरपाळ्यांचा तोच डबा. मीही यावेळी काहीही चालेल म्हणालो नाही. मामा स्टुलावर चढले, "बोंबील एका मताने विजयी!" असं जाहीर केलं, आणि पिशवी घेऊन ऐटीत बाजारात गेले. मामी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवत म्हणाल्या, "बरं झालं आलात. आम्ही दोघंच ना आता. दर रविवारी बरोबरी होते, आणि मग पिठलं करते."