बाहेरचं सगळं त्याच्याकडं

सिंधूचा फोन आला तेव्हा मी एका नवरीचं ब्लाउज बेतत होते. छावणीच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. सिंधू म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, भगवानची बायको. ती स्वतःहून कधी फोन करायची नाही. करायचा तो भगवान, आणि मग "घे, अक्काशी बोल" म्हणून तिच्या हातात द्यायचा. म्हणून स्क्रीनवर तिचं नाव दिसलं तेव्हाच माझ्या हातातली कात्री थांबली. "अक्का, हे उठंनात हो…" एवढंच ती बोलली. मी रिक्षानं मुकुंदवाडीला पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात हलवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. त्याला आता दीड-दोन महिने होत आले. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची आपल्याकडं रीत आहे. मीही बोलणार आहे, माझ्या पाठचा भाऊ होता तो. पण मला त्याचा राग आलाय. लई राग आलाय, आणि तो सांगितल्याशिवाय दुसरं काही माझ्या तोंडून निघायचं नाही.

आमचं गाव खुलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. घरी मेंढरं होती, थोडी कोरडवाहू जमीन होती. आठवडी बाजारात मेंढरू विकायला दादा म्हणजे आमचे वडील आणि आई दोघं जायचे. दलाल रुमालाखाली दादाचा हात धरून बोटांनी भाव बोलायचा, अन् दादाची नजर आईकडं. आईनं मान हलवली तर सौदा, नाही तर मेंढरू पुन्हा घरी. आलेला पैसा आईच्या कमरेच्या पिशवीत जायचा. बियाणं कधी आणायचं, कुणाच्या लग्नात किती आहेर करायचा, माझ्या शाळेचं काय, सगळं तिच्या पिशवीतून व्हायचं. दादाला बिडीला पैसे लागले तरी तो हात पुढं करायचा आणि हसायचा. बाजारातले दलाल चेष्टा करायचे, "अहो, कारभारीन काय म्हणती ते तरी इचारा." दादा म्हणायचा, "इचारतोच की. तिला कळतं, मला नाय कळत." हे सगळं भगवान माझ्या बोटाला धरून बघायचा. आम्ही दोघांनी बघितलं ते एकच, पण मनात घेतलं ते वेगळं.

भगवान शिकला, कंपनीत लागला, मुकुंदवाडीत प्लॉट घेऊन त्यानं दोन मजली घर बांधलं. स्वभावानं सोन्यासारखा, हे मी बहीण म्हणून नाही सांगत, गल्लीत कुणालाही विचारा. दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर आवाज चढवला नाही कधी. सीताफळाच्या दिवसांत टोपलीभर सीताफळं आधी बहिणीच्या दारात ठेवून मग घरी जायचा. लग्न झालं तसं त्यानं घरात सांगून टाकलं, उंबऱ्याच्या आतलं सिंधूचं, बाहेरचं माझं. आणि ते पाळलं. भाजी तोच आणायचा, किराणा तोच, लाइटबिल, गॅस, पोराची फी, डॉक्टर, बँक, सगळं तो. सिंधूला कोथिंबिरीची जुडीसुद्धा विकत घ्यावी लागली नाही. सिंधूही कमी नव्हती. तो गॅसजवळ आला तर "सरका बाजूला, तुमचं काय काम हितं" म्हणून त्याला हाकलायची. तिचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा ह्या बाबानं मला फोन करून विचारलं होतं, "अक्का, आपल्या घरात साखर कशात ठेवत्यात?" आपल्या घरात म्हणे! मी हसले होते तेव्हा. आता त्यातलं काहीच हसण्यासारखं वाटत नाही.

साड्यांचं तर विचारूच नका. एका दिवाळीला मी त्यांच्याबरोबर गुलमंडीला गेले. दुकानदारानं ढीग उघडला. सिंधूनं एक पिवळी हातात घेतली, दुमडली, परत उलगडली. बाईचा हात एखाद्या कापडावर कसा रेंगाळतो ते मला कळतं, माझा धंदाच आहे तो. भगवान म्हणाला, "पिवळा लवकर मळतो. ती मरून रंगाची द्या." झालं, मरून बांधली. मी म्हटलं, "अरे, नेसणार ती, मळली तर धुणारही तीच, तुझ्या बापाचं काय जातंय?" तर सिंधूच मला म्हणाली, "असू द्या हो अक्का, ह्यांना बरोबर कळतं." माझं डोकं असं तापलं! आमच्या घरी कुकर घ्यायचा तरी नवरा-बायकोत दोन दिवस वाजतं. हे म्हणतात स्टील, मी म्हणते नको. पण शेवटी जे येतं ते दोघांचं असतं, आणि कुठला कागद कुठल्या कपाटात आहे ते दोघांनाही ठाऊक असतं. भांडणं झाली तर झाली.

त्या दिवशी परतताना मी भगवानला रस्त्यातच धरलं. "भग्या, उद्या तुला काय झालं तर ही बाई काय करील? हिला एटीएमचं दार तरी कुठल्या बाजूला उघडतं ते माहीत आहे का?" तो हसला. "मला काय व्हतंय? आणि पोरगा आहे की." मी सोडलं नाही. तेव्हा तो थांबला आणि जरा तोडूनच बोलला, "अक्का, आई जन्मभर बाजार करत फिरली. उन्हातान्हात. चार गडी हसायचे दादाला. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या बायकोवर ही पाळी येणार नाय."

पाळी? अरे, आईला कुणी ढकलत होतं का बाजारात? बाजाराच्या दिवशी ती पहाटेच डोक्याला तेल लावून तयार असायची, तिचा आठवड्यातला तो सगळ्यात हौसेचा दिवस! ह्या शहाण्यानं त्यात काय बघितलं तर गरिबी. आपली लाज बघितली. पगार सुरू झाल्यावर त्याला वाटलं, सुधारणा म्हणजे बायकोच्या हाताला पैशाचा वास लागू न देणं. आणि हे त्यानं प्रेमापोटी केलं, हेच मला गिळवत नाही. दुष्टपणानं केलं असतं तर मी त्याला दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

आता दवाखान्याचं सांगते. भगवान आत, आयसीयूत, बेशुद्ध. पैसे भरायची खिडकी आणि खिडकीत बसलेला माणूस. कार्ड भगवानच्या पाकिटात, त्याचा नंबर भगवानच्या डोक्यात. विम्याचं सगळं त्याच्या मोबाईलमध्ये, आणि मोबाईल उघडतो त्याच्या अंगठ्यानं. तेव्हाचे पैसे मी आणि माझ्या नवऱ्यानं भरले, त्याचं काही नाही, भावाचं करायचं नाही तर कुणाचं? पण सचिन, भगवानचा मुलगा, पुण्याहून निघालेला, गाडीतून फोनवर सांगत होता, "आत्या, आईला आत पाठव. बाबांचा अंगठा मोबाईलला लावायला सांग." आत एकालाच सोडत होते. सिंधू मोबाईल घेऊन गेली. काचेतून मला दिसत होतं. तिनं त्याचा हात उचलला, अंगठा पदरानं पुसला, मोबाईलवर टेकवला. उघडला नाही. पुन्हा पुसला, पुन्हा टेकवला… बाहेर आली तेव्हा मोबाईल उघडा होता. विम्याचं पान उघडायला गेलो तर त्यानं आणखी एक नंबर मागितला. तो कुणालाच माहीत नव्हता. सिंधू भिंतीला टेकून खाली बसली. नंतर कधीतरी मला म्हणाली, "अक्का, शेवटचा त्यांचा हात धरला तो मोबाईलसाठी धरला. नुसता धरून बसायचं राहूनच गेलं." भगवान, ह्याचं उत्तर दे मला. कुठं असशील तिथून दे.

तेराव्याला घर भरलं होतं. जो येईल तो एकच वाक्य बोलायचा, "तिला राणीसारखं ठेवलं हो त्यानं." मी एक-दोघांचं ऐकून घेतलं, मग म्हटलं, "व्हय, राणीसारखंच. आता राणीला गॅसचा नंबर लावता येत नाही, तुम्ही लावून देता का?" माणसं जेवून पांगल्यावर बैठक बसली. सचिन, सिंधूचा भाऊ, भगवानच्या कंपनीतले दोघं, असे सगळे पुरुष. विषय काय, तर सिंधूचं पुढं काय करायचं. घर भाड्यानं द्यायचं आणि तिनं पुण्याला जायचं. कुणाचंच वाईट मनात नव्हतं. सचिन तर रडतच बोलत होता, "आईला एकटीला हे कसं जमणार?" आणि जिचं ठरत होतं ती सगळ्यांना चहा देत फिरत होती. ट्रे हातात धरूनच ती म्हणाली, "मला हितंच राहायचंय." कुणी ऐकलं नाही. मी जोरात म्हटलं, "ती काय म्हणती ते ऐका की रे!" तेव्हा तिनं परत सांगितलं, हळूच, पण सांगितलं. सचिननं दोन महिन्यांची मुदत दिली. आपल्याच आईला, तिच्याच घरात.

मागच्या आठवड्यात पाण्याच्या दिवशी नळाचं पाणी टाकीत चढवायची मोटार जळाली. आमच्या शहरात नळाला पाणी कसं येतं ते मी सांगायला नको. एक पाळी चुकली की पुढच्या पाळीपर्यंत आठवडा कोरडा. सिंधूनं सचिनला फोन केला. तो म्हणाला, "शनिवारी येतो, आणतो नवीन. तोवर टँकर सांग. आई, मी म्हणतच होतो ना… तू चल इकडं." मग तिनं मला फोन केला. मला वाटलं रडंल. पण ती म्हणाली, "अक्का, नळाला पाणी संध्याकाळपर्यंत हाय. मला मोटार घ्यायचीय. तुम्ही नुसत्या बरोबर या. बोलू नका मात्र."

बोलू नका! मला! पण गेले. मोटारींच्या दुकानाचा मालक भगवानला आणि त्याच्यामागं येणाऱ्या सिंधूला ओळखत असल्यामुळं त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "साहेब नाही आले?" मी तोंड उघडणार तेवढ्यात सिंधूनं माझ्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाली, "ते वारले. मोटार दाखवा." त्यानं एक दाखवली, ही घ्या, साहेबांनी मागं हीच नेली होती. "तीच नको," सिंधू म्हणाली. "ती हवा धरायची. दर वेळी वरून पाणी ओतल्याशिवाय उचलायची नाय. आणि टाकी दुसऱ्या मजल्यावर हाय, अर्ध्या वेळेला पाणी वर चढायचंच नाय." इतकी वर्षं मोटार आणली भगवाननं, पण पाण्याच्या दिवशी उठून ती चालवली सिंधूनं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मालकानं दुसऱ्या दोन काढल्या. तिनं वाकून दोन्ही बघितल्या, एकीची वॉरंटी विचारली, भावात घासाघीस केली, आणि तीच बांधायला सांगितली.

मालकानं बिलबुक पुढं ओढलं. "नाव काय टाकू?"

सिंधूनं मान वळवून रस्त्याकडं बघितलं. दुकानाच्या पायरीशी, जिथं स्कूटर लावून भगवान उभा राहायचा आणि ती मागं पिशवी धरून थांबायची, तिथं बघितलं. नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर कधी तोंडातून काढलेलं नाही. मालक पेन धरून थांबला होता. मी दात आवळून उभी.

"सिंधू," ती म्हणाली.

"सिंधू… पुढं?"

"एवढंच लिहा."

त्यानं लिहिलं. तिनं पदराखालून पैसे काढून मोजून दिले, बिल घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं, आणि मोटार रिक्षात नीट ठेवायला दुकानातल्या माणसाला सांगत पुढं गेली. मी तिथंच पायरीवर उभी राहिले, भर रस्त्यात डोळे पुसत. हे बघायला तू पाहिजे होतास रे भग्या. आणि तू असतास तर हे झालंच नसतं, त्याचाच तर मला राग आहे.