फोकसपुरत्या अक्का

अण्णा एक डोळा मिटायचे, हात लांब करायचे आणि समोरच्या विजेच्या खांबावर अंगठा धरायचे. खांब अंगठ्याआड गेला की म्हणायचे, "हे काढता येतंय की." मग अंगठा सरकायचा मोबाइलच्या टॉवरवर. "हेबी काढता येतंय." बंगळुरूत तुम्ही कुठंही उभे राहा, अंगठ्याआड घालण्यासारखं इतकं सापडतं, की माणसाचा हात भरून यावा. अण्णांचा कधी आला नाही.

येलहंकाच्या आमच्या इमारतीत ते समोरच्या दारात राहायचे. मूळचे निपाणीकडचे, बँकेतून निवृत्त झालेले, मराठीत बोलता बोलता कन्नडमध्ये शिरून परत येणारे. मी नागपूरची, इथं नोकरीसाठी आलेली. निवृत्तीनंतर माणसं देव धरतात, नाहीतर योगासनं धरतात. अण्णांनी निसर्गाचे फोटो धरले. धरले म्हणजे किती, तर कॅमेरा, त्याचा तीन पायांचा स्टँड, तो डगमगला तर दुसरा स्टँड, आभाळ गडद करायच्या काचा, आणि शेजारीच उभं राहून लांबून बटण दाबायचा रिमोट. फोटोतलं नको ते पुसून टाकायचं सॉफ्टवेअर तर दर महिन्याला भाडं घ्यायचं. अक्का, म्हणजे त्यांच्या मिसेस, म्हणायच्या, "हौसेला मोल नसतंय म्हणतात. पण कुरिअरवाला आता मला घरचाच वाटायला लागलाय बघ."

माझ्या गाडीची डिकी मोठी, हा माझा गुन्हा. त्यापायी कित्येक रविवारी माझी साखरझोप गेली. उजाडायच्या आत होसकोटेच्या पलीकडच्या एका तलावावर पोचायचं. अण्णा स्टँड रोवायचे आणि तो वाऱ्यानं हलू नये म्हणून खालच्या हुकाला वजन अडकवायचे. पुस्तकात वाळूची पिशवी सांगितली होती. अण्णा अक्कांच्या डब्याची पिशवी अडकवायचे. म्हणजे उन्हं वर येईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही. मेथीचे पराठे डोळ्यांसमोर लोंबकळतायत, पोटात कावळे ओरडतायत आणि अण्णा म्हणतायत, "स्वल्प थांबा, लाइट येतोय." सकाळी चहासुद्धा न घेता निघालेल्या बाईला असं बोलू नये. मी तोंड वळवून तलावाकडे बघत बसायची.

आता खरी गंमत ऐका. धुक्यात कॅमेऱ्याला काही दिसत नाही. पाणी पांढरं, आभाळ पांढरं, फोकस धरायचा कशावर? लेन्स नुसती घुं-घुं करत पुढंमागं व्हायची. रिंग हातानं फिरवावी, तर अण्णांना चष्म्यातून अंदाज यायचा नाही. म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली. अक्कांनी लाल साडी नेसायची आणि काठावरच्या खडकापाशी जाऊन उभं राहायचं. कॅमेरा लाल रंगाला पटकन पकडायचा. अण्णा ओरडायचे, "सरी," म्हणजे कन्नडमध्ये ठीक, "आला फोकस. आता बाजूला हो."

अक्कांचे गुडघे दुखरे. त्या चौकटीतून बाहेर पडेपर्यंत हवा तो उजेड निघून जायचा. शेवटी अण्णांनी त्यावरही तोड काढली. "तू तिथंच थांब. तुला मी घरी जाऊन काढतो."

आणि खरंच काढायचे. खांब, तारा, प्लास्टिकच्या बाटल्या, पलीकडची अर्धवट बांधलेली इमारत आणि अक्का. एकेक पुसत जायचे आणि त्या जागी शेजारचं गवत आणून चिकटवायचे. काम झालं की मूळचा फोटो उडवून टाकायचे. "डिस्क भरते की," म्हणायचे. त्यांच्या हॉलमध्ये असे सहा-सात फोटो होते. कुठल्याही तलावाचे वाटावेत असे स्वच्छ. सगळ्यांचा फोकस अक्कांवर आणि एकातही अक्का नाहीत.

एकदा पराठा हातात आल्यावर अक्का मला म्हणाल्या, "पुण्याला लेकीच्या हॉलमध्ये तिच्या सासरच्या सगळ्यांचे फोटो लावलेत. ती म्हणतीय, आई, तुझा एक चांगला पाठव. एवढा कॅमेरा घरात, आणि माझा फोटो नाही." मग अण्णांकडे वळून, "अहो, एकदा तरी राहू द्या मला त्यात."

अण्णा म्हणाले, "पुढच्या रविवारी तुझाच काढतो." पुढच्या रविवारी धुकं असं काही पडलं की माणसावर वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, "माणसाचा फोटो हा वेगळा विषय आहे. त्याला वेगळी लेन्स लागते." मी म्हटलं, "अण्णा, मी मोबाइलवर काढते, अर्ध्या मिनिटाचं काम." तर त्यांच्या चेहऱ्यावर असे भाव, जणू मी देवासमोर इन्स्टंट नूडल्सचा नैवेद्य ठेवला. अक्काच म्हणाल्या, "राहू दे गं. त्यांनाच काढू दे." अण्णांनी लेन्स मागवली, तीही अक्कांच्या मोबाइलवरून, कारण त्यावर सवलत होती.

लेन्स यायच्या आधी अक्का गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं.

हार घालायला फोटो हवा होता. लेकीनं सगळ्या डिस्क धुंडाळल्या. तळी, डोंगर, ढग. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात अक्का चोरी करताना सापडल्यासारख्या दिसत होत्या. त्या दिवशी मला अण्णांचा इतका राग आला, की मी त्यांच्याशी बोलले नाही. दिवसकार्य चालू असतानाच कुरिअरवाला दारात आला आणि ओटीपी मागायला लागला. ओटीपी अक्कांच्या मोबाइलवर आला होता. अण्णा उठले, कपाटातून मोबाइल काढला आणि आकडे वाचून दाखवले. खोकं तसंच कपाटात ठेवून दिलं.

पुढं कितीतरी रविवार मी मनसोक्त झोपले. मग एका शनिवारी अण्णा दारात येऊन उभे राहिले. "उद्या जाऊ या?" मी पहाटेचा गजर लावला.

तलावावर धुकं होतं. अण्णांनी एक स्टँड नेहमीच्या जागी रोवला. दुसरा खांद्यावर घेऊन काठावरच्या खडकापाशी गेले, त्याचे पाय लांब केले आणि पिशवीतून अक्कांची लाल साडी काढून त्यावर नेसवायला लागले. निऱ्या त्यांना जमेनात. मी मदतीला जायला हवं होतं, पण मी कॅमेऱ्यापाशीच उभी राहिले. शेवटी त्यांनी साडी कशीबशी गुंडाळली आणि खालच्या हुकाला रिकामा डबा अडकवला.

तेवढ्यात म्हशी घेऊन एक म्हातारी आली, मागून गावातले दोघं बाप्ये. धुक्यात साडी नेसून उभा असलेला तीन पायांचा प्रकार बघून म्हशीसुद्धा थबकल्या. दोघांतला एक ओरडला, "माटा, माटा!" कन्नडमध्ये माटा म्हणजे करणी. दुसऱ्यानं काठी उचलली आणि अण्णांना दरडावून विचारलं, हे काय आहे?

अण्णा शांतपणे म्हणाले, "नन्न हेंडती." माझी बायको.

काठीवाला दोन पावलं मागं सरकला. मला हसू येत होतं आणि रडूही. अण्णांनी मग त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं. फोकस, गुडघे, लाल रंग, पुण्याची भिंत, सगळं. बाप्यांना काय समजलं देव जाणे. म्हातारी मात्र काठ उतरून साडीपाशी गेली. पदर चिखलात लोळत होता, तो तिनं उचलून झटकला. अण्णांकडे एक नापसंतीचा कटाक्ष टाकला, आणि निऱ्या सोडून पुन्हा नीट घातल्या. मग बाजूला होऊन हातानंच खूण केली, हं, काढ आता.

लेन्स घुं-घुं न करता एकदम थांबली. "आला फोकस," अण्णा म्हणाले. बाजूला हो, असं कुणाला म्हणाले नाहीत.

पुढं ते पुण्याला लेकीकडे राहायला गेले. जाताना सगळं सामान कुणाकुणाला देऊन टाकलं. खोक्यातली लेन्स तेवढी बरोबर नेली. मला त्या सकाळचा फोटो चौकट करून दिला, तसलाच एक लेकीच्या भिंतीसाठी. त्यात खांब आहेत, तारा आहेत, अर्धवट इमारत आहे, म्हशी आहेत, काठीवाला आहे आणि मधोमध, काठातल्या जरीचे धागे मोजता यावेत इतकी स्पष्ट, लाल साडी. मी एक डोळा मिटून अंगठा धरून पाहिला. अण्णा म्हणाले, "नको. ह्यातलं काही काढायचं नाही."

परवा ऑफिसमधला एकजण घरी आला होता. फोटोसमोर उभा राहून म्हणाला, "सीन भारी आहे, पण मध्ये ते काय आलंय? आता फोनवरही निघतं, एका टिचकीत. काढून देऊ?"

मी म्हटलं, "राहू दे तिला."