गुंजनच्या पानावर अडलेली सीडी

कारंजा घाडग्यापासून हिंगणघाटापर्यंत समाजातल्या बायका एके काळी पदराआडून एक गोष्ट सांगत. बोरगाव मेघेच्या गुंजनचा फोटो लागला की चालता कम्प्युटर मरतो. कोणी म्हणे मंगळ कडक आहे, कोणी म्हणे नजर वाईट आहे. वडनेरच्या एकीने तर शपथेवर सांगितलं, तिच्या भावाकडे मशीन तर बंद पडलीच, वर फ्रिजही गेला. फ्रिजचं तेवढं पदरचं होतं, कारण त्या भावाकडे फ्रिज नव्हताच. मशीन मात्र खरोखर बंद पडायची, आणि हे भूपेंद्रइतकं कोणाला माहीत नव्हतं. ती सीडी त्यानेच बनवली होती.

भूपेंद्र हा कारंज्याच्या हिरालालजींचा धाकटा. हायवेवर ढाब्यांच्या ओळीच्या अलीकडे हिरालालजींचं ठोक किराण्याचं दुकान. पोराने गादीवर बसावं ही बापाची इच्छा, आणि पोराला हौस फिरत्या खुर्चीची. नागपूरला कोर्स करून तो परतला आणि बस स्टँडसमोर त्याने ‘भूपेंद्र मल्टिमीडिया’ अशी पाटी लावली. मल्टिमीडिया म्हणजे काय हे गावाला उमगेना. एका शेतकऱ्याने तिथे कपाशीचं बियाणं मागितलं, आणि नाही म्हटल्यावर ‘मग पाटी कायले लावली’ म्हणून चिडून गेला.

नव्व्याण्णव साली वर्ध्याला समाजाचा उपवर-वधू मेळावा भरला. दरवर्षी जाडजूड पुस्तिका निघे, त्या वर्षी अध्यक्षांना सीडीची हुक्की आली. फोटो, शिक्षण, उंची, आणि मुलामुलींचा आवाजसुद्धा. मंगल कार्यालयाच्या भांड्यांच्या खोलीत माइक मांडून भूपेंद्रने एकेकाचे आवाज भरले. सीडी चालवणारा प्लेअर नागपूरहून तयार आणला होता, त्यात पानं भरायची एवढंच काम. मुलींची पानं वर्णमालेप्रमाणे लावली. पहिली दोन-चार चालवून पाहिली, झकास चालली, आणि पठ्ठ्याने सीड्या घरोघर वाटून टाकल्या.

पहिल्या पानांत आर्वीची अन्नपूर्णा होती. वर्षाच्या आत ती भूपेंद्रची बायको होऊन कारंज्यात आली. पुढे ‘ग’ला गुंजन होती. तिचं पान उघडलं, फोटो आला, आवाज सुरू व्हायच्या बेताला मशीन गोठे. बटण दाबा, उंदीर हलवा, हनुमान चालिसा म्हणा, हलायचं नाव नाही. मग मशीन बंद करून पुन्हा चालू करायची आणि यादीतून गुंजनला वगळून पुढच्या मुलीवर जायचं. वर्षभरात घराघराला तिला वगळायची सवय लागली, आणि एकदा लागलेली सवय काय सीडीपुरती राहते?

लोक तक्रार घेऊन आले की भूपेंद्र म्हणे, “तुमची मशीन जुनी हाय.” मग मशिनी नव्या झाल्या. नव्या मशिनींवर तो जुना प्लेअर मुळी सुरूच होईना, आणि भूपेंद्रने सुटकेचा श्वास सोडला. गुंजन एव्हाना वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली होती.

भूपेंद्रची सात वर्षं अशी सुखात गेली. मग गुंजनच्या धाकट्या बहिणीचं, आचलचं, वडनेरच्या प्रफुलशी जुळत आलं. पोरापोरीचं आधीच जुळलं होतं, मोठ्यांना फक्त कळवायचं बाकी होतं. प्रफुलचे वडील नव्हते. दुकान, घर आणि प्रफुल, तिन्ही त्याची आई मंदाबाई चालवायची. मध्यस्थ हिरालालजी. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायला ते वडनेरला गेले, तर मंदाबाईने चहाबरोबर सीडी पुढे ठेवली.

“हिरालालजी, मी असलं काही मानत नाई,” ती म्हणाली. “पण लोकं म्हणतेत, त्या घरच्या पोरीवर मशीन मरते. मोठीत खोट असन तर धाकटीत काऊन नसन? हे माह्याकडची सीडी हाय, तेव्हाचीच. मोठीच्या पानावरून पुढे सरकवून दाखवा, त्याच दिवशी तारीख काढू.”

“अन नाई सरकली तर?”

“तर चहा प्या अन जा.”

हिरालालजी घरी आले ते सीडी पोराच्या पुढ्यात टाकूनच बसले. “तुनं बनवली ना? मग निस्तर.”

भूपेंद्रने शोध घेतला. इंटरनेटवर कोण्या परदेशी भल्या माणसाने एक एम्युलेटर अर्धवट करून ठेवला होता, ज्याला पाहिजे त्याने घ्यावा आणि सुधारावा. एम्युलेटर म्हणजे नव्या मशीनने जुन्या प्लेअरचं सोंग घ्यायचं. सोंग काढणं सोपं, वठवणं कठीण. जुन्या सीडीला मोजके रंग ठाऊक, नव्या मशीनकडे रंगांचा पूर. पहिल्यांदा चालवली तेव्हा समाजाच्या सगळ्या उपवर कन्या हिरव्यागार निघाल्या. अन्नपूर्णा चहा घेऊन आली आणि पडद्याकडे पाहत उभी राहिली.

“हळदीच्या आधीच हिरव्या झाल्या जी या. अन मी कुठं हावो?”

“हे काय.”

“बरी दिसून राह्यली. पालकाची भाजी जशी.”

रंग जुळले तर पानं पळायला लागली. जुना प्लेअर मशीनच्या चालीवर वेळ मोजायचा आणि नवी मशीन वाघ मागे लागल्यासारखी धावायची. भूपेंद्रने तिला लगाम घातला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शटर अर्धं ओढून तो कामाला बसे, आणि पडद्यावर पुन्हा पुन्हा गुंजनचा फोटो. गावात नवी कुजबुज सुरू झालीच. अन्नपूर्णेने ती त्याच्या ताटात भाकरीबरोबर वाढली. “लोकं म्हणून राह्यले, तुमचा नवरा दुपारी शटर लावून परक्या पोरीचा फोटो पाह्यते.”

“मग तू काय म्हटलं?”

“म्हटलं, पाहू द्या. सात वर्सं पाह्यला नाई म्हणून तर हे झालं. माहं पान पहिले होतं म्हणून मी निभावली.”

भूपेंद्र अर्धी भाकरी ठेवून दुकानाकडे निघाला.

एवढं करून सीडी गुंजनच्या पानावर अडायची ती अडतच होती. जुन्याची नक्कल हुबेहूब, तेव्हा जुनं खोडही सोबत आलं. शेवटी त्याने सोपा उपाय काढला. काही अडलं की प्लेअरने मरायचं नाही, गुपचूप पुढच्या पानावर जायचं. चालवून पाहिलं. गुंजनचा फोटो पापणी लवावी तसा चमकला आणि पुढची मुलगी हजर. भूपेंद्र खूश होऊन बोरगाव मेघेला गेला. गुंजनच्या घरी त्यांच्याच मशीनवर सीडी लावली. आचलने टाळी वाजवली. गुंजन वह्या तपासत होती, तिने मान वर केली.

“भूपेंद्रभाऊ, मले गाळलं.”

“गाळलं नाई ताई, पुढं नेलं.”

“तेच तर सारे सात वर्सं करून राह्यले. मंदाबाई काय आंधळी हाय? ती म्हणन, पाहा, आता तर मशीनसुद्धा हिले टाळते.” तिने पेनाचं टोपण लावलं. “जिथं अडते तिथंच पाहा ना भाऊ. पोराचं गणित चुकलं तर मी पान फाडतो काय?”

दुसऱ्या दुपारी त्याने एम्युलेटरला नवीन शिकवण दिली. अडलं तर मरायचं नाही, पळायचंही नाही. काय अडलं ते पडद्यावर साध्या शब्दांत लिहायचं. मग गुंजनचं पान उघडलं, आणि मशीनने लिहिलं: आवाज मेमरीत मावत नाही.

त्याने आवाजांच्या फायली मांडल्या. बाकीच्या मुली नाव, शिक्षण सांगून गप्प. गुंजनची फाइल त्या सगळ्यांच्या कितीतरी पट मोठी. आणि प्लेअरची सवय अशी की आवाज वाजवायच्या आधी पूर्ण एकदम उचलायचा. चण्याचा कट्टा, म्हणजे अख्खं पोतं, एकट्याने पाठीवर घ्यायला गेलं तर हमाल बसतोच. तोच कट्टा उघडून पायली-पायलीने नेला तर पोरगंही नेईल. भूपेंद्रने प्लेअरला पायलीने आवाज घ्यायला लावलं. पान उघडलं आणि गुंजन बोलू लागली. या खेपेला त्याने शेवटपर्यंत ऐकलं. ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले.

शेवटचा भाग वाजायच्या आत थांबवणं त्याच्या हातात होतं. प्लेअरमध्ये एक ओळ लिहायची, बस. त्याने ती लिहिली आणि पुसली.

वडनेरला जीपमधून मशीन नेली. हिरालालजी, अन्नपूर्णा, आचल आणि तिचे वडील, आणि कोणी बोलावलं नसताना गुंजन. मंदाबाईच्या बैठकीत शेजारच्या बायका आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांपैकी एकीने, खबरदारी म्हणून, मंदाबाईच्या फ्रिजचं बटण बंद केलं.

मंदाबाईने स्वतः सीडी घातली. अन्नपूर्णेचं पान गेलं, आणखी काही गेली, आणि गुंजन आली. बावीस वर्षांच्या गुंजनने नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, उंची सांगितली. मग म्हणाली, “आता माझे प्रश्न. मुलगा स्वतःचा चहा स्वतः करतो का? भांडण झालं तर आधी कोण बोलतं? दुकानात नुकसान झालं की राग घरी आणता का? सुनेला माहेरी जायचं तर कोणाला विचारावं लागतं, आणि तो माणूस घरी सापडतो का?”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आवाज थांबला नाही. सीडीत एक पातेलं वाजलं. “झालं माझं,” गुंजन म्हणाली. “भाऊ? माइकवाले भाऊ? कुठं गेले हे... बंद कसं करते याले?” पुन्हा पातेलं, मग एक झाकण गरगरत गेलं. बराच वेळ नुसती खुडबुड. मग दारातून दुसऱ्या कोण्या पोरीला उद्देशून, “अवं, ते काय. पिवळ्या साडीवालीच्या मागं जिलबीचं ताट घेऊन फिरून राह्यले.”

अन्नपूर्णेने पदर तोंडाला लावला. आर्वीहून मेळाव्याला येताना तिने पिवळी साडी नेसली होती.

हिरालालजींनी पोराकडे पाहिलं. “जिलबी घेऊन गेलता काय रे तू?”

“गेलतो,” भूपेंद्र म्हणाला.

सीडी पुढच्या पानावर गेली, पण पाहिलं कोणी नाही. मंदाबाई गुंजनकडे बघत होती. “पोरी, तेव्हा हे वाजलं असतं तर तुले सून कोणी केलं नसतं.”

“तेव्हा निदान माह्या बोलण्यानं नाई म्हटलं असतं, मावशी.”

मंदाबाईने मान हलवली आणि आतल्या बाजूला वळली. “प्रफुल, चहा येते काय तुले करता?”

“मले? नाई.”

“मग शिकजो. साक्षगंधाले अजून वेळ हाय.”

त्या दिवशी प्रफुलने केलेला चहा सगळ्यांनी प्यायला. तो कसा होता हे विचारू नये. तारीख निघाली, आचलचं लग्न झालं, आणि भूपेंद्रच्या दुकानात लोक जुन्या अडलेल्या सीड्या घेऊन येऊ लागले. लग्नाचे अल्बम, पाढे, आरत्या. त्याचा एम्युलेटर सगळ्यांना सोंग काढून दाखवी, आणि नाही जमलं तर का जमलं नाही ते लिहून सांगे. तो प्रत्येक सीडी शेवटच्या पानापर्यंत चालवल्याशिवाय परत देत नसे. लोक याला हळू काम म्हणत.

गुंजनला पुढे स्थळं आली. भूपेंद्रने एकदा सहज चौकशी केली, तर ती म्हणाली, “प्रश्न वाढले आता, भाऊ.”

गुंजनच्या फोटोने कधीही कोणतीही मशीन बंद पडली नाही. भूपेंद्र माइक चालू ठेवून अन्नपूर्णेच्या मागे गेला होता, त्यामुळे गुंजनच्या आवाजाची फाइल फार मोठी झाली, आणि ती त्या काळच्या मशीनच्या मेमरीत मावत नव्हती.