चपलांजवळची जागा
लग्नाचा वाढदिवस आला की घरात श्रीखंड होतं आणि माझं डोकं फिरतं. नागपूरहून आमची वरात उमरेडला गेली ती मे महिन्यात, भर दुपारी. मांडवात वाळ्याचं पाणी शिंपडलेलं, बाहेर मात्र भट्टी, आणि बँडवाल्यांनी बाहेरच थांबायचं. वाजवणं थांबलं तसा बँडमधला म्हातारा ट्रंपेटवाला माझ्या काकांना म्हणाला, "मालक, बाजा मांडवात ठेवू का? उनानं याच्या बटना अडकते." काकांनी दाराकडे बोट केलं. "तिकडं चपलांजवळ ठेव. तुह्या बाजाले पाट मांडू का गा?" सगळे हसले. म्हातारा हळूच म्हणाला, "चपलांजवळ कसा ठेवू मालक? तोंडाले लावतो मी त्याले." मग त्याने डोक्याचा दुपट्टा सोडला, बाजा त्यात नीट गुंडाळून पोटाशी धरला आणि उघड्या डोक्याने उन्हात उभा राहिला. माझी पंगत उठेपर्यंत तो तसाच उभा होता. काका आता नाहीत, त्यांच्यावरचा रागही कधीच गेला. पण त्या दिवशी नवरदेव मी होतो. मी पाणी मागितलं तर चार माणसं धावत होती, आणि त्या म्हाताऱ्यासाठी सावली मागायला मी तोंड उघडलं नाही.