सहाव्या गाण्यानंतरची टाळी

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर गेज लावून पार्ट तपासायचे... बसला तर ओके, नाही तर रिजेक्ट. भुताखेतांच्या गोष्टीही मी तशाच रिजेक्ट करायचो. या ग्रुपवरचे अनुभव वाचून हसलोय, खोटं कशाला बोलू. म्हणून हे लिहिताना जरा लाज वाटतेय.

आमचा तिघांचा बँड आहे — तेराव्याची पंगत. आम्ही डार्क कॅबरे करतो. म्हणजे तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांखाली काजळ, जुन्या सर्कशीत वाजायचं तसलं संगीत आणि हसत हसत म्हटलेली मरणाची गाणी. केतकी गाते, मी अकॉर्डियन वाजवतो, नचिकेत ड्रम्स आणि रेकॉर्डिंग बघतो. माझ्या वडिलांना, अण्णांना, बँडचं नावसुद्धा ऐकवत नाही.

पहिल्या अल्बमसाठी तळवड्यात नचिकेतच्या मामाचं बंद वर्कशॉप मिळालं. मशिनी केव्हाच विकलेल्या, रिकामा पत्र्याचा शेड. गुरुवारी आमच्याकडे इंडस्ट्रीला सुट्टी, त्यामुळे आजूबाजूला शांतता. भिंतींना जुन्या गाद्या लावल्या आणि दर गुरुवारी दिवसभर रेकॉर्डिंग सुरू केलं.

पाच गाणी व्यवस्थित झाली. सहावं गाणं जादूगाराच्या टेबलावर रोज करवतीने कापल्या जाणाऱ्या बाईचं होतं. दुपारचे दोन वाजले असतील. टेक संपला, आम्ही ऐकायला बसलो, तर शेवटच्या सुरानंतर कुणीतरी टाळी वाजवली होती.

एकट्या माणसाची टाळी. सावकाश. आणि तीही पूर्ण नाही — एका तळव्यावर काहीतरी बोथट आपटावं तशी.

नचिकेतला वाटलं मी मस्करी केली. माझ्या दोन्ही हातांत अकॉर्डियन होता. पुढच्या टेकला त्याने मोबाइलवर व्हिडिओही चालू ठेवला. व्हिडिओत टाळी नाही, माइकवर आहे! आधी ती शटरजवळच्या माइकवर यायची. मग ड्रम्सच्या. तिसऱ्या गुरुवारी ती सगळ्यात मोठी आली केतकीच्या माइकवर, म्हणजे तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. केतकीने ओढणीने चेहऱ्यावरचा रंग पुसला, बॅग उचलली आणि निघून गेली.

शेडमध्येच काहीतरी आहे असं आम्ही ठरवून टाकलं. तेच सहावं गाणं रावेतला केतकीच्या फ्लॅटवर केलं, बाराव्या मजल्यावर, खिडक्या बंद करून. टाळी तिथेही आली. मग एका गुरुवारी मला ओव्हरटाइमला जावं लागलं आणि त्या दोघांनी माझ्याशिवाय चार टेक केले. चारही स्वच्छ. संध्याकाळी केतकीचा फोन आला.

"राग मानू नकोस," ती म्हणाली, "पण ते जागेचं नाहीये. ते तुझ्याबरोबर येतंय."

ते आठ-दहा दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. कंपनीच्या बसमध्ये शेजारची सीट रिकामी असली की मी उभा राहायचो. रविवारी घरी लॅपटॉपवर त्या टाळ्या एकेक करून कापत बसलो होतो. बाहेरच्या खोलीतून अण्णा आले. तीस वर्षं पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर काढलेला माणूस, कानांनी कमी ऐकतो, पण दारात थबकून उभे राहिले. परत लाव म्हणाले. मी लावलं.

"ही बबनची टाळी हाय," ते म्हणाले.

मग खुर्चीत बसून त्यांनी मला जे सांगितलं, ते आईलाही माहीत नव्हतं. मी तीन वर्षांचा असताना बबन त्यांच्या प्रेसवर हेल्पर होता. लातूरकडचा, आमच्याच भागातला. त्याचा हात आत असताना अण्णांचा पाय पेडलवर पडला. उजव्या हाताची चार बोटं गेली. पुढे कंपनीच्या गणपतीत तो त्याच हाताने टाळी वाजवायचा, लोक हसायचे. बबनने स्वतःच्या चुकीने हात घातला, असा जबाब कंपनीने लिहिला होता आणि त्याच्याखाली साक्षीदार म्हणून अण्णांची सही होती. बबन गावी निघून गेला. अण्णांनी पुन्हा कधी चौकशी केली नाही.

त्यांनी हेडफोन मागितला. मी गाण्याचा शेवट लावून दिला. टाळी संपली तरी ते हेडफोन काढेनात. फाइल संपलेली मला स्क्रीनवर दिसत होती.

"इचारलालाय," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"मशीन बंद केली का."

मी हेडफोनचा एक कान स्वतःकडे ओढून ऐकलं. काहीही नव्हतं. अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "बंद हाय, बबन. काढ हात."

त्यानंतरच्या एकाही टेकमध्ये टाळी आली नाही.

महिन्याभराने त्यांना घेऊन मी बबनकाकांच्या गावी गेलो. मनाची तयारी करून गेलो होतो, की फोटोला हार असणार. काका जिवंत होते! अंगणात शेंगा निवडत बसले होते. अण्णांनी सहीचं सांगितलं, मान खाली घालून. काका बराच वेळ शेंगा निवडत राहिले.

"मला ठावं व्हतं, दादा," ते म्हणाले. "तुमचं लेकरू ल्हान व्हतं." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला तिथे उभं राहवेना.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. काकांची तब्येत कशी असते, मी सहज विचारलं. बरी असते म्हणाल्या. फक्त मधे काही आठवडे, गुरुवारी दुपारी जेवून पडले की झोपेत उठून बसायचे आणि टाळी वाजवायचे. कुणासाठी, म्हणून काकूंनी विचारलं तर जागे होऊन उलट काकूंच्याच तोंडाकडे बघत राहायचे. आता महिना झाला, थांबलंय.

मी अण्णांना हे अजून सांगितलेलं नाही.

अल्बम आला, लोकांना आवडतोय. जिवंत माणसाची टाळी लातूरहून तळवड्याच्या माइकपर्यंत कशी आली, ती माझ्यामागे रावेतला कशी पोचली, आणि अण्णांनी त्या दिवशी नेमकं कुणाला उत्तर दिलं, यातलं काहीही मला समजलेलं नाही. कुणाला असा अनुभव असेल तर जरूर लिहा. केतकी दुसऱ्या अल्बमचं म्हणतेय. मी हो म्हटलंय... फक्त गुरुवार सोडून.