वरच्या आळीत नसलेली बिमारी

सरांनी मला फळ्याजवळ उभं केलं. दहावीचा वर्ग, आनुवंशिकतेचा धडा. माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. अंगठ्यानं डोळ्याखालची कातडी ओढली.

"पाहा. पिवळे डोळे. याले सिकलसेल म्हणतेत. हे इच्या लोकाइच्या रक्तातच असते."

वर्ग पाहत राहिला. पहिल्या बाकावर सरांची मुलगी, प्रणाली. मागून कोणीतरी म्हणालं, "हात नोको लावू बे, तुलेही होईन." पोरं हसली. सरही हसले. मग त्यांनी अंगठा रुमालाला पुसला.

मी जागेवर जाऊन बसले. हाडं ठणकत होती, आणि तेव्हा मला अपमानापेक्षा ठणक मोठी वाटायची.

त्याच पुस्तकात लिहिलं होतं की सगळे सजीव एका पूर्वजापासून आले. पुरावा पेशीत आहे. माणूस, माकड, शेताच्या बांधीतलं धान, सगळ्यांची लिपी एकच. सरांनी ते पान घाईत वाचून टाकलं. माझा बाप चळवळीच्या सभांमधून पुस्तिका आणायचा. माणूस सारा एक, हे मी त्यांतूनच घोकलं होतं. शाळेच्या पुस्तकात तेच छापलेलं पाहून वाटलं, आता कोण नाकारेल? ते परीक्षेला आलं. सगळ्यांनी उत्तर लिहिलं. पुढं काही झालं नाही.

त्याच वर्षी रक्त तपासायला आरोग्य खात्याची माणसं शाळेत आली. सर दारातच म्हणाले, "वरच्या आळीतल्या पोराहो, घरी जा. तुमचं काही काम नाही." आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांची बोटं टोचली. वरच्या आळीत बिमारी निघाली नाही. निघणार कशी?

प्रणालीचेही सांधे दुखायचे. तिच्या घरात त्याला वात म्हणत, आणि वातावर कातडी भाजणारा बिबा लावत. तिच्या गुडघ्यांवर बिब्याचे काळे डाग होते. बिमारीचं खरं नाव आमच्या मोहल्ल्याला देऊन टाकलेलं, म्हणून मास्तराची पोरगी वर्षानुवर्षं भाजून घेत राहिली.

शाळा सुटून काही वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात मी भंडाऱ्याला दवाखान्यात सलाईनवर होते. शेजारच्या खाटेवर प्रणालीला आणलं. ती रडत नव्हती. दात आवळून थोडा थोडा श्वास सोडत होती. मी ओळखलं. मीही तसाच सोडते.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. सिकलसेल. सर माझ्या खाटेशी आले. माझ्याशी एवढ्या हळू ते कधी बोलले नव्हते.

"गावात सांगू नोको, बाई. पोरीचं लग्न जुळून राहिलं. माह्या बहिणीचाच पोरगा हाये."

"त्याचं रक्त तपासलं काय, सर?"

"आमच्या सोयऱ्याइत नसते थे."

पोरीचा रिपोर्ट हातात होता. तरीही.

प्रणालीनं मान वळवली. "मले सांग. बाबाले कायले सांगून राहिली?"

मी सांगितलं. हा आजार व्हायला रक्तातला दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो; एकाकडूनच आला तर माणूस आजारी नसतो, पण दोष पुढं देतो. म्हणजे सरांच्या रक्तात तो आहेच. त्यांच्या बहिणीत असू शकतो, तिच्या पोरातही. हेही सांगितलं, की आपल्याकडं हा दोष बहुतेक एकाच कुण्या जुन्या माणसात झाला आणि त्याच्या लेकराबाळांतून पसरला. तुझ्यात तोच, माझ्यात तोच.

प्रणालीनं विचारलं, "मंग तू न् मी कोन लागतो?"

"लय दूरच्या बहिणी."

"मंग बाबाही तुहे कोनीतरी लागतेत."

"लागतेत. काय करू?"

ती हसायला गेली आणि कळ आली.

"हिले काय समजते?" सर म्हणाले. "जलमभर खाटेवरच तर हाये."

"म्हणूनच समजते," मी म्हणाले. "पोराचं रक्त पाहिल्याबिगर लग्न लावलं तं नातवाले हेच दुखनं द्याल तुमी."

त्यांनी दोन खाटांमधला पडदा ओढून घेतला.

मी थकले आहे. माणूस एक आहे, हे ज्यांनी शिकवायचं त्यांनाच सांगत बसायचा कंटाळा आला आहे. पण लग्न अजून व्हायचं आहे. प्रणालीचा आजार मी कुणाला सांगणार नाही. तो सांगायचा की नाही, ते ती ठरवेल. तिच्या आत्याचं गाव मात्र मला ठाऊक आहे. तिथल्या नर्सबाईकडं जाईन. म्हणेन, अख्खं गाव तपासा, आणि सुरुवात मोठ्या घरांपासून करा. मी सोबत फिरेन. हाकललं तर ओट्यावर बसेन. त्या पोराचं बोट टोचल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.