सहाचा चार

माती तपासणाऱ्या खात्यात त्याची वीसेक वर्षं गेली होती. खांद्यावर माती काढायचं लोखंडी गिरमिट टाकून तो रानोमाळ हिंडे. चिमूटभर माती तळहातावर भिजवायची, अंगठ्याने चोळायची, वळी होते का पाहायची. एवढ्यावर तो सांगे इथे काय पिकेल ते. कधी कधी जिभेलाही लावी, म्हणून कचेरीत त्याला मातीखाऊ म्हणत.

गावामागच्या डोंगरसोंडेची पाहणी त्याच्याच वाट्याला आली. त्याने सहा खड्डे खणले. सगळीकडे तेच: वर दीड वीत रेताड पोयटा, भुसभुशीत, पाणी धरून न ठेवणारा, आणि खाली फुटका खडक. गवत आणि झाडांची मुळं होती म्हणून ती माती त्या उतारावर टिकून होती. त्याने सहावा वर्ग लिहिला. म्हणजे नांगर लावायचा नाही. चराई आणि झाडं, बस.

सोंडेवरचा मोठा तुकडा त्याच्या धाकट्या भावाचा होता. त्याला झाडं काढून बटाटा लावायचा होता आणि परवानगीला चौथा वर्ग लागत होता. भाऊ आणि भावजय जेवायला आले. निघताना भाऊ म्हणाला, "दादा, एक आकडाच तर आहे."

त्याने नकार दिला. मग आठवडाभर आईने आणि बायकोने त्याचे कान खाल्ले. शेवटी त्याने सहाचा चार केला आणि मनाच्या समाधानासाठी खाली लिहिलं, सऱ्या आडव्या काढाव्यात, वरचा झाडांचा पट्टा राखावा. ते कुणी वाचलं नाही. आडवा ट्रॅक्टर उलटेल म्हणून भावाने सऱ्या उभ्याच काढल्या.

दोन वर्षं बटाटा झकास आला. भाऊ पोतं घेऊन आला आणि मातीखाऊचीही जीभ चुकते म्हणून हसला. तिसऱ्या वर्षी सऱ्यांच्या घळी झाल्या. त्याने चाराचा पुन्हा सहा करावा असा दुरुस्तीचा अर्ज लिहिला, पण त्यात स्वतःचं नाव यायचं, म्हणून टेबलाच्या खणात ठेवून दिला.

चौथ्या वर्षी पाऊस चार दिवस लागून राहिला. भरदुपारी सोंडेचा माथा सुटला. भावजय तेव्हा फावड्याने सऱ्यांतलं पाणी वळवत होती. मातीखालून तिचं प्रेत बाहेर काढेपर्यंत संध्याकाळ झाली. तोही हातांनी उपसत होता. जेवढी माती काढावी तेवढी वरून येत होती.

तिसऱ्या दिवशी त्याने तो अर्ज साहेबांपुढे ठेवला. पाऊसच जबर होता, आता हे कशाला उकरायचं, असं साहेबांचं म्हणणं पडलं.

"पाऊस जबर होता, साहेब," तो म्हणाला. "पण आकडा मी बदलला."

नोकरी गेली. भावालाही त्याने स्वतः जाऊन सांगितलं, की तिथे काय होणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"आकडा मागितला मीच होता," एवढंच भाऊ म्हणाला आणि आत गेला. त्यानंतर दोघांत बोलणं झालं नाही.

हल्ली तो सकाळीच सोंडेवर जातो आणि उरल्यासुरल्या मातीत गवताचे ठोंब लावतो. निम्मे वाहून जातात. भाऊ खालच्या वाटेवरून बघतो आणि आपल्या कामाला निघून जातो.